सोबतच्या माणसासाठी

सरकारी दवाखान्याच्या केसपेपरवर रुग्णाचं नाव असतं, वय असतं, गाव असतं. त्याच्यासोबत आलेल्या माणसाची नोंद कुठंच नसते. किनवट, मुखेड, हदगाव, देगलूरहून, शेजारच्या हिंगोली-परभणीतून आणि तेलंगणाच्या सीमेवरच्या गावांतून जी माणसं उपचारासाठी नांदेडला येतात, ती एकटी येत नाहीत. बाळंतिणीबरोबर तिची आई असते, अपघातात सापडलेल्या पोराबरोबर बाप आणि चुलता असतो, म्हाताऱ्याबरोबर म्हातारी असते. रुग्णाला खाट मिळते, वॉर्डातलं जेवण मिळतं. सोबतचं माणूस व्हरांड्यात चटई टाकतं. घरून फडक्यात बांधून आणलेल्या भाकरी दुसऱ्या दिवशी संपतात. तिसऱ्या दिवसापासून चहा आणि बिस्किटाच्या पुड्यावर भागवणं सुरू होतं, कारण खिशातले पैसे बाहेरून आणाव्या लागणाऱ्या औषधांसाठी राखायचे असतात. बुडालेली रोजंदारी वेगळीच.

लायन्स, रोटरी आणि त्यांच्यासारख्या सेवाभावी क्लबांनी नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत केलेल्या कामाची ओळख पुढच्या पानांत आहे. त्या कामाकडे मी या सोबतच्या माणसाच्या बाजूनं पाहतो. क्लबांचे कार्यक्रम पुष्कळ असतात: वृक्षारोपण, वह्यावाटप, गुणवंतांचे सत्कार, रक्तदान, आरोग्य तपासणी. त्या सगळ्यांची मोजदाद करत बसलं तर एक लांबलचक अहवाल तयार होईल आणि वाचकाच्या हाती काही लागणार नाही. मला वाटतं, या क्लबांचं सगळ्यांत मोलाचं काम एका ठरावीक जागी झालं आहे. सरकारी योजना जिथं थांबते आणि घरच्यांची ऐपतही जिथं संपलेली असते, त्या मधल्या पट्ट्यात. तिथंही ते उपयोगी पडतं ते रोज, न चुकता झालं तरच.

नांदेडमध्ये लायन्स क्लब नांदेड सेंट्रलनं चालवलेला ‘लायन्सचा डबा’ हे त्याचं जवळचं उदाहरण. दवाखान्यातल्या रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दुपारी घरच्यासारखं जेवण पडावं, एवढीच त्यामागची कल्पना. पोळी, भाजी, वरण, भात. यात ऐकणाऱ्यानं थक्क व्हावं असं काही नाही, आणि तेच मला या कामाचं बळ वाटतं. डबा एक दिवस देणं कुणालाही जमतं. तो दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, भर उन्हाळ्यात, सदस्यांच्या घरी लग्नकार्य असताना आणि दात्याचा फोन लागत नसतानाही पोचवायचा म्हटलं की त्यामागं व्यवस्था लागते. स्वयंपाक करणारी माणसं लागतात, गाडी लागते, तारखांची वही लागते. कुणी वाढदिवसाचा दिवस घेतं, कुणी वडिलांच्या पुण्यस्मरणाचा, कुणी लग्नाच्या वाढदिवसाचा. वर्षाच्या तारखा अशा भरत जातात आणि उरलेल्या रिकाम्या तारखा क्लबच्या सदस्यांनी आपापसांत वाटून घ्यायच्या असतात. सेवेची परीक्षा त्या रिकाम्या तारखांना होते.

याच शहरात क्लब आणि त्याच्या सोबतीनं काम करणारी मंडळी थंडीत ‘मायेची ऊब’ म्हणून रात्री रस्त्याकडेला झोपलेल्यांच्या अंगावर ब्लँकेट घालतात, पावसाळ्यात ‘कृपाछत्र’ नावानं छत्र्या देतात, आणि ‘कायापालट’ या उपक्रमात रस्त्यावर भटकणाऱ्या, केस-दाढी वाढलेल्या, अनेकदा मनाचा तोल गेलेल्या माणसांचे केस कापून, त्यांना अंघोळ घालून स्वच्छ कपडे देतात. यातल्या शेवटच्या उपक्रमाचं मला विशेष वाटतं. ब्लँकेट दुरूनही देता येतं. जटा झालेले केस कापायला आणि अनोळखी माणसाच्या अंगावर पाणी ओतायला जवळ जावं लागतं, हात लावावा लागतो.

नांदेडला अन्नदान शिकवावं लागलं नाही, हेही इथं सांगायला हवं. गुरू गोविंदसिंगजींचा अखेरचा काळ या गोदाकाठच्या गावात गेला. १७०८ मध्ये त्यांनी इथंच देह ठेवला. तख्त सचखंड श्री हजूर अबचलनगर साहिब आणि शहरातले इतर गुरुद्वारे इथं लंगर अखंड चालतो. पंगतीत बसणाऱ्याला जात, गाव, कामधंदा विचारला जात नाही. वारकरी दिंड्यांना वाटेतल्या गावांनी जेवू घालायची रीत मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांत आहेच. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी इथं धर्मशाळा उभारल्या, आणि त्यांच्या नावाच्या मिशनची दादरची धर्मशाळा मुंबईत कर्करोगावर उपचार घ्यायला गेलेल्यांना आणि त्यांच्या माणसांना आजही आसरा देते. मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबं तिच्या ओसरीत राहिली आहेत. तेव्हा शिकागोत जन्मलेली लायन्स ही संघटना आणि नांदेडचा डबा यांचं नातं लावताना ही आधीची ओल विसरून चालणार नाही. क्लबनं इथं बैठकीची शिस्त, हिशेबाची पद्धत आणि गावोगावच्या माणसांचं जाळं आणलं. देण्याची वृत्ती इथल्या मातीत होतीच.

सरकारी योजना नेमकी कुठं थांबते, तेही पाहू. २ जुलै २०१२ रोजी राज्यात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या टप्प्यातल्या आठ जिल्ह्यांत नांदेड होतं. पुढं २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. या योजनेनं गरिबाच्या घरातल्या मोठ्या शस्त्रक्रियांचं ओझं खरोखर हलकं केलं, हे मान्य करायलाच हवं. मंजूर रकमेत रुग्णाचं जेवण आणि एकवेळचं प्रवासभाडंसुद्धा धरलेलं असतं. मात्र शस्त्रक्रियेनंतर आठ दिवस उशाशी बसणारी बायको त्या हिशेबात नाही. कागदपत्रांत नावाचं एक अक्षर वेगळं असलं की तहसीलला हेलपाटे घालणारा भाऊ त्यात नाही. घरी गेल्यावर महिनाभर लागणारं ड्रेसिंगचं सामान त्यात बसत नाही. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्यात, ही व्यवस्था मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशानं पक्की झाली. पण त्या खाटेपर्यंत पोचायचं कसं, कुणाला भेटायचं, कोणता दाखला आणायचा, हे मुखेडच्या तांड्यावरून आलेल्या माणसाला कोण सांगणार? इथं क्लबच्या एका सदस्याचा एक फोन पुष्कळ काम करून जातो.

हा फोन कुठून येतो, हे समजायला या क्लबांची घडण पाहावी लागते. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत पॉल हॅरिस या वकिलानं तिघांना एकत्र बसवलं. एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता, एक शिंपी. प्रत्येक बैठक आळीपाळीनं एकेकाच्या कामाच्या जागी भरायची म्हणून नाव पडलं रोटरी. एका व्यवसायातला एकच सदस्य घ्यायचा, असा त्यांचा सुरुवातीचा नेम होता. व्यापारी मंडळांचं बळ समाजाच्या कामी यावं म्हणून मेल्विन जोन्स यांनी १९१७ मध्ये त्याच शहरातून लायन्सची जुळवाजुळव केली. रोटरी १९२० मध्ये कोलकात्यात आली, लायन्सचा भारतातला पहिला क्लब १९५६ मध्ये मुंबईत निघाला. मराठवाडा त्या काळात नुकता कुठं निजामाच्या राजवटीतून बाहेर पडला होता. १७ सप्टेंबर १९४८ नंतर शाळा, महाविद्यालयं, सहकारी संस्था यांची उभारणी सुरू झाली. नांदेडचं पीपल्स कॉलेज १९५० चं, लातूरचं दयानंद महाविद्यालय १९६१ चं. त्यांतून बाहेर पडलेले वकील, डॉक्टर, अभियंते, प्राध्यापक आणि लातूरच्या गंजगोलाईतले, नांदेडच्या मोंढ्यातले आडत व्यापारी हे या क्लबांचे सदस्य झाले.

मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी या मंडळींना एका टेबलाभोवती बसवणं ही साधी गोष्ट नव्हती, आजही नाही. डॉक्टरला औषध दुकानदार रोज भेटतो, पण आडत्या आणि शाळेचा मुख्याध्यापक, छापखानेवाला आणि कंत्राटदार, चार्टर्ड अकाउंटंट आणि पॅथॉलॉजी लॅबवाला हे एरवी एकमेकांच्या कामाशी येत नाहीत. क्लबच्या बैठकीत ते येतात. म्हणून शिबिर घ्यायचं ठरलं की मंगल कार्यालय एकाकडून मिळतं, मंडप दुसऱ्याकडून, पत्रकं तिसरा छापतो, धान्य चौथा देतो, तपासणी पाचवा करतो. रोख पैसा यात तुलनेनं थोडा लागतो. या क्लबांची खरी पुंजी ओळखीची आहे आणि ती गरिबाकडे नसते. गरीब माणूस पैशानं गरीब असतो तसाच ओळखीनंही असतो. शहरात त्याला नावानं हाक मारणारं कुणी नसतं. क्लब त्याला आपली ओळख उसनी देतो, असं मी म्हणेन.

ही पुंजी सगळ्यांत चांगली फळाला आली ती डोळ्यांच्या कामात. हेलन केलर यांनी १९२५ मध्ये ओहायोतल्या सीडर पॉइंट इथल्या लायन्सच्या अधिवेशनात अंधांसाठी उभं राहण्याचं आवाहन केलं आणि तेव्हापासून दृष्टी हे लायन्सचं मुख्य काम झालं. १९९० मध्ये त्यांनी ‘साइटफर्स्ट’ नावाचा जागतिक कार्यक्रम हाती घेतला. मराठवाड्यात हे काम नेत्रशिबिराच्या रूपानं आलं. जुन्या काळची शिबिरं आठवणारी पिढी अजून आहे. शाळेच्या खोल्यांतले बाक बाहेर काढून वॉर्ड केलेला असे. डोळ्यावर पट्टी बांधलेली माणसं डोकं न हलवता दिवसेंदिवस उताणी पडून असत. पट्टी सुटली की जाड भिंगाचा चष्मा यायचा आणि त्यातून दिसणारं जग मोठं, वाकडं दिसायचं. तरी दिसायचं. आता डोळ्यात घडीचं भिंग बसतं, शस्त्रक्रिया अर्ध्या तासाच्या आत आटोपते, माणूस दुसऱ्या दिवशी घरी जातो. शाळा-मंगल कार्यालयांतल्या शस्त्रक्रियांमध्ये जंतुसंसर्गाची भीती असल्यानं ती पद्धत बंद झाली. आता गावात फक्त तपासणी होते आणि शस्त्रक्रियेसाठी रुग्णांना सुसज्ज रुग्णालयात नेतात.

या बदलानं क्लबांचं काम कमी झालं असं वाटेल. ते वाढलं. आता गाडी लागते. पहाटे गावातून दहा-पंधरा म्हाताऱ्या माणसांना गोळा करायचं, त्यांची रक्तातली साखर आणि रक्तदाब आधी तपासून घ्यायचा, सोबत कोण येणार ते विचारायचं, दुसऱ्या दिवशी परत आणून सोडायचं, आणि पुढचे चार-सहा आठवडे थेंब वेळेवर पडतात का ते पाहायचं. खेड्यात एकटी राहणारी म्हातारी स्वतःच्या डोळ्यात थेंब कसे घालणार? मुलगा-सून ऊसतोडीला गेलेले असतात. शेजारणीला समजावून सांगावं लागतं. शस्त्रक्रिया चांगली होऊनही थेंबाअभावी डोळा बिघडला, तर त्या गावातून पुढची पाच माणसं शिबिराला येत नाहीत. ‘मोतीबिंदू अजून पिकला नाही’ म्हणून थांबण्याची जुनी समजूत असतेच. थंडीतच ऑपरेशन करावं, असंही अनेकांना वाटतं. शिवाय आपल्याकडचं वर्ष पेरणी, सोयाबीनची काढणी आणि तुरीची रास यांच्याभोवती फिरतं. जून आणि ऑक्टोबरमध्ये शिबिर ठेवणाऱ्याला रिकाम्या खुर्च्या पाहाव्या लागतात, कारण सोबतीला यायला घरात कुणी मोकळं नसतं. ज्यांनी हे काम वर्षानुवर्षं केलं त्यांनी शिबिराच्या तारखा शेताच्या वेळापत्रकाला जुळवल्या.

लातूर जिल्ह्यात उदगीरचं उदयगिरी लायन्स नेत्र रुग्णालय हे या साऱ्या वाटचालीतलं महत्त्वाचं ठिकाण आहे. शिबिरापुरतं आलेलं काम इमारत, शस्त्रक्रियागृह आणि पगारी कर्मचारी घेऊन कायमचं उभं राहिलं, तेही जिल्ह्याच्या मुख्य शहरात नव्हे, कर्नाटकाच्या सीमेलगतच्या तालुक्याच्या गावी. त्या भागातल्या माणसाला डोळ्यासाठी हैदराबाद किंवा सोलापूर गाठावं लागू नये, ही सोय किती मोठी आहे हे एस.टी.नं प्रवास करणाऱ्यालाच कळेल. याच जिल्ह्यानं डॉ. तात्याराव लहाने यांच्यासारखा नेत्रतज्ज्ञ दिला. रेणापूर तालुक्यातल्या माकेगावचा हा मुलगा मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात पोचला, आईनं दिलेल्या मूत्रपिंडावर उभा राहिला आणि एक लाखाहून अधिक मोतीबिंदू शस्त्रक्रिया करून २००८ मध्ये पद्मश्री झाला. एवढं कौशल्य असलेल्या हातांपुढं योग्य रुग्ण योग्य वेळी आणून बसवायला गावोगावी कुणीतरी फिरावं लागतं. शिबिरांच्या यशात या फिरणाऱ्यांचा वाटा फारसा सांगितला गेला नाही, म्हणून तो इथं मुद्दाम लिहितो.

किल्लारीच्या भूकंपाबद्दल थोडं थांबून लिहायला हवं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालं होतं, गावं दमून झोपली होती. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद, अशी घरं. उन्हाळ्यात थंड राहणारी तीच घरं काही सेकंदांत माणसांच्या अंगावर आली. सरकारी नोंदीत मृतांचा आकडा आठ हजारांच्या आसपास आहे, इतर नोंदींत तो दहा हजारांच्या जवळ जातो. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं होत्याची नव्हती झाली. लातूर, उमरगा, सोलापूरचे दवाखाने जखमींनी भरले. १९६६ पासून लातुरात काम करणाऱ्या विवेकानंद रुग्णालयासारख्या संस्थांचे डॉक्टर दिवसरात्र उभे होते. देशभरातून कपडे, धान्य, ब्लँकेटं ट्रकांनी आली. सेवाभावी क्लब, धार्मिक संस्था, कंपन्या, वृत्तपत्रं यांनी मदत गोळा केली, गावं दत्तक घेतली गेली. जमिनीच्या धारणेप्रमाणं २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची घरं देण्याचं धोरण ठरलं आणि जुन्या गावांपासून दूर, आखीव रस्त्यांची नवी गावं उभी राहिली.

त्या दिवसांत मदत करणाऱ्या प्रत्येकाबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे. तरी तीस वर्षांनंतर मागं वळून पाहताना एक फरक स्पष्ट दिसतो. काहींनी घरं बांधून किल्ल्या दिल्या, फलक लावला आणि ते गेले. काही थांबले. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं भूकंपग्रस्त भागातली १२०० मुलं पुण्याला नेली आणि त्यांचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत सांभाळली. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं गावातल्या बायकांनाच ‘संवाद सहायक’ म्हणून पुढं आणलं. घरदुरुस्तीचे पैसे, सामान, बांधकामाचा दर्जा यांबद्दल सरकारशी बोलायला या बायका शिकल्या आणि नंतर बचतगट, शेती, आरोग्य यांतही त्या टिकल्या. घराच्या चार भिंती देणं लवकर झालं. आई गेलेल्या मुलाला बारावीपर्यंत पोचवणं, विधवेला बँकेच्या पायरीवर उभं राहायचं धाडस येणं, याला वर्षं लागली. क्लबांच्या कामाला लावायची कसोटी मी किल्लारीतून घेतली आहे: पाच वर्षांनी तिथं कोण होतं?

हीच कसोटी पाण्यालाही लागते. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं होतं, लातुरात पाण्याच्या ठिकाणी गर्दी करायला जमावबंदी लागू झाली होती, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. पुढं ती ५० वाघिणींची झाली. शहरात चौकाचौकात टाक्या बसवल्या गेल्या, संस्था-मंडळांनी टँकर पुरवले. त्या उन्हाळ्यात ते हवंच होतं. त्याच वेळी डॉ. अशोक कुकडे यांच्यासारख्या ज्येष्ठांच्या पुढाकारानं ‘जलयुक्त लातूर’ ही लोकचळवळ उभी राहिली. व्यापारी, डॉक्टर, नोकरदार, विद्यार्थी यांच्या वर्गणीतून मांजरा नदीचं १८ किलोमीटरचं पात्र खोल-रुंद झालं. टँकर आणि नदी यांत मी डावं-उजवं करत नाही. तहानलेल्याला टँकरच लागतो. पण टँकर देणाऱ्या संस्थेनं पुढच्या पावसाळ्याआधी नदीकडे वळावं, एवढी अपेक्षा ठेवणं रास्त आहे.

सातत्य किती फळ देतं, हे रोटरीनं पोलिओत दाखवलं. १९८५ मध्ये हाती घेतलेलं काम त्यांनी सोडलं नाही. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ ला जागतिक आरोग्य संघटनेनं आपला प्रदेश पोलिओमुक्त जाहीर केला. सरकारी यंत्रणा, आशा-अंगणवाडी ताई आणि क्लबांचे सदस्य बसस्थानकांवर, आठवडी बाजारात, वीटभट्ट्यांवर डोसाच्या पेट्या घेऊन बसले. मुखेड-कंधारकडून ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबांची लेकरं गाठणं हा त्यातला अवघड भाग होता.

क्लबांच्या घडणीतच एक अडचण आहे. त्यांचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. अध्यक्ष बदलतो, सचिव बदलतो, कोषाध्यक्ष बदलतो. पदग्रहण सोहळ्यात नवा अध्यक्ष आपला नवा प्रकल्प जाहीर करतो आणि मागचा प्रकल्प, तो कितीही चांगला असला तरी, हळूहळू मागं पडतो. नव्या माणसाला संधी मिळावी, एकाच्याच हाती सत्ता राहू नये, हा यामागचा विचार चांगला आहे. पण व्हरांड्यातल्या माणसाची भूक जुलैत बदलत नाही. ज्या क्लबांनी टिकाऊ काम केलं त्यांनी यावर एक मार्ग काढला: मोठ्या कामासाठी वेगळा न्यास नोंदवायचा, त्याचे विश्वस्त दीर्घकाळ राहतील असं पाहायचं आणि दरवर्षीच्या अध्यक्षानं त्या कामाला हात लावायचा तो पुढं नेण्यासाठीच. नेत्र रुग्णालयं, रक्तपेढ्या, शाळा अशाच चालतात. डब्यासारख्या कामात न्यास नसला तरी ती तारखांची वही एका अध्यक्षाकडून दुसऱ्याकडे जायला हवी.

दुसरी गोष्ट बोलायला अवघड आहे, तरी बोलतो. दवाखान्यात जाऊन रुग्णाच्या हाती फळ ठेवताना सात-आठ जणांनी मिळून काढलेलं छायाचित्र आपण सगळ्यांनी वर्तमानपत्रात पाहिलं आहे. खाटेवरचा माणूस आजारी असतो, त्याच्या अंगावर धड कपडे नसतात, कधी सलाईन लावलेलं असतं. त्याची परवानगी कुणी घेत नाही. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो आणि पुढचा दाता मिळायला प्रसिद्धीचा उपयोग होतो, हेही मला ठाऊक आहे. तरी ज्याला दिलं त्याचा चेहरा दाखवल्याशिवाय दान पूर्ण होत नाही, ही सवय आपण सोडली पाहिजे. शिजत असलेल्या मोठ्या पातेल्याचं छायाचित्र छापा, गाडीचं छापा, हिशेबाचं पान छापा. रांगेत ताट धरून उभी असलेली ती बाई आपल्या गावी सन्मानानं राहणारी आहे. तिच्या गावातही वर्तमानपत्र पोचतं.

बायकांच्या सहभागाबद्दलही थोडं सांगतो. लायन्सनं १९८७ मध्ये आणि रोटरीनं १९८९ मध्ये स्त्रियांना सदस्यत्व खुलं केलं. त्याआधी त्या लायनेस, इनर व्हील अशा वेगळ्या मंडळांत होत्या. आता त्या अध्यक्षपदी, प्रांतपालपदी येतात. डब्याच्या, बाळंतिणींच्या, किशोरवयीन मुलींच्या कामात त्यामुळं जो फरक पडला तो बारीक आहे पण खरा आहे. सोबतच्या माणसांत बहुसंख्य बायका असतात, आणि रात्री त्या कुठं झोपतात, स्वच्छतागृह कुठं आहे, हे प्रश्न बैठकीत बाईनंच मांडले.

या कामाच्या मर्यादाही ठाऊक असायला हव्यात. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडमधल्या विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ मृत्यू झाले. त्यांत १२ नवजात बालकं होती. औषधांचा पुरवठा, मनुष्यबळ, क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त रुग्ण या साऱ्याची राज्यभर चर्चा झाली. कुठलाही क्लब याची भरपाई करू शकत नाही आणि त्यानं तसा प्रयत्नही करू नये. नवजात कक्षातल्या खाटा, परिचारिकांच्या जागा, औषधखरेदी ही शासनाची जबाबदारी आहे. क्लबांनी सलाईनच्या बाटल्या भेट देऊन ती झाकू नये. मात्र दवाखान्याची रोजची स्थिती जवळून पाहणारी जी थोडी बाहेरची माणसं आहेत, त्यांत डबा घेऊन जाणारे आहेत. त्यांनी जे दिसतं ते योग्य ठिकाणी, कागदावर, सह्यांनिशी मांडलं तर त्याला वजन येईल. शहरातले डॉक्टर, वकील, व्यापारी एकत्र बसून मागणी करतात तेव्हा प्रशासन ऐकतं. ओळखीच्या पुंजीचा हा उपयोग अजून पुरता झालेला नाही.

आणि एक काम समोर उभं आहे. नांदेड-लातुरात डायलिसिसवर असलेल्या रुग्णांना आठवड्यातून दोन-तीनदा शहरात यावं लागतं. एका वेळी चार तास यंत्रावर, मागंपुढं जाण्यायेण्याचे तास वेगळे. महात्मा फुले योजनेत डायलिसिस मोफत होतं, यंत्रं काही क्लबांनीही दिली आहेत. पण औशाहून किंवा लोह्याहून नवऱ्याला घेऊन येणाऱ्या बाईचा प्रत्येक वेळी एक दिवस जातो, दोघांचं भाडं जातं, आणि हे काही महिने नव्हे, वर्षानुवर्षं चालतं. अशा कुटुंबांसाठी एस.टी. पासाची सोय, थांबायला एक खोली, दुपारचं ताट आणि बसल्याजागी करता येईल असं काही काम, एवढं जमलं तर डब्यानं सुरू केलेली वाट पुढं जाईल. पुढची पानं वाचणाऱ्यांत क्लबांचे नवे सदस्य असतील. त्यांनी आधी तारखांच्या वहीचं आणि जमाखर्चाचं प्रकरण वाचावं. एक डबा किती रुपयांत पडतो, महिन्याला किती तारखा रिकाम्या राहतात आणि त्या कोण भरतं, हे तिथं कळेल. मग आपल्या गावच्या दवाखान्यात जाऊन व्हरांड्यात कोण बसलं आहे ते पाहावं आणि बैठकीत तो विषय ठेवावा.